ट्रीसेट नीट कसा वापरायचा: क्रम, कम्पेरेटर, शोध आणि हरवणारे घटक

जावामधला ट्रीसेट एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळतो. तीच वस्तू दुसऱ्यांदा आत घेत नाही, आणि आत असलेलं सगळं कायम क्रमाने लावून ठेवतो. वापरायला तो सोपा वाटतो, पण त्याच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: 'टाकलेला घटक गेला कुठे?' त्याचं उत्तर असं की ट्रीसेटमध्ये दोन वस्तू एकच आहेत की वेगळ्या, हे इक्वल्स ठरवत नाही. तुलना ठरवते. तुलनेचं उत्तर शून्य आलं की ट्रीसेटच्या दृष्टीने त्या दोन्ही वस्तू एकच. पुढचं बहुतेक सगळं याच एका नियमातून निघतं.

खाली क्लास आणि मेथडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये अर्थातच नेहमीचं जावा स्पेलिंग टाइप करायचं.

घ्यायचा कधी

घटक सतत येत-जात असतील आणि मधल्या कुठल्याही क्षणी 'सर्वात लहान कोण', 'याच्या लगेच पुढचा कोण', 'या दोघांच्या मध्ये कोण कोण' असे प्रश्न पडत असतील, तर ट्रीसेट घ्या. प्रश्न फक्त 'हा आत आहे का' इतकाच असेल तर हॅशसेट पुरतो आणि सहसा वेगवानही असतो. सगळा डेटा एकदाच भरून शेवटी एकदाच क्रमाने छापायचा असेल तर ॲरेलिस्ट भरा आणि एकदा सॉर्ट करा. त्यात मेमरी कमी लागते, आणि समान घटकही गळत नाहीत. नेहमी फक्त सर्वात लहान घटक काढायचा असेल आणि समान घटक चालत असतील, तर प्रायॉरिटीक्यू बरा.

ट्रीसेटच्या आत खरं तर एक ट्रीमॅप असतो. तुमचा घटक ही त्याची की, आणि व्हॅल्यूच्या जागी सगळ्यांना एकच रिकामा ऑब्जेक्ट. रचना रेड-ब्लॅक ट्रीची, म्हणजे स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या झाडाची. त्यामुळे ॲड, रिमूव्ह आणि कंटेन्स या तिन्हींना घटकांच्या संख्येच्या लॉगरिदमइतका वेळ लागतो. १० लाख घटक असले तरी एका शोधाला साधारण २० तुलना, आणि अगदी वाईटात वाईट ४०च्या आसपास. प्रत्येक घटकामागे झाडाचा एक नोड लागतो. ६४ बिटच्या नेहमीच्या हॉटस्पॉट जेव्हीएममध्ये, कंप्रेस्ड पॉइंटर चालू असताना, हा नोड ४० बाइटचा असतो. म्हणजे १० लाख घटकांमागे ४ कोटी बाइट नुसत्या नोडचे, तुमचे ऑब्जेक्ट वेगळेच. लहान ॲपमध्ये हे जाणवत नाही, मोठ्या बॅच जॉबमध्ये जाणवतं.

तयार करताना

व्हेरिएबलचा प्रकार नॅव्हिगेबलसेट ठेवा, नुसता सेट नको. सेट लिहिलात तर फ्लोअर, सीलिंग, हेडसेट या मेथड दिसणारच नाहीत, आणि ट्रीसेट घेण्याचं कारणच उरणार नाही. सॉर्टेडसेट हा जुना इंटरफेस. नॅव्हिगेबलसेट जावा ६ पासून आहे आणि त्यात जवळच्या घटकाचा शोध, उलटा क्रम आणि टोकं धरायची की नाही हे सांगण्याची सोय आहे.

कन्स्ट्रक्टर चार आहेत: रिकामा, कम्पेरेटर (दोन वस्तूंतली आधी कुठली हे उणे, शून्य किंवा अधिक आकड्याने सांगणारा ऑब्जेक्ट) घेणारा, कलेक्शन घेणारा आणि सॉर्टेडसेट घेणारा. शेवटच्या दोघांत एक खाच आहे. सॉर्टेडसेट घेणारा कन्स्ट्रक्टर जुन्या सेटचा कम्पेरेटर उचलतो, कलेक्शन घेणारा उचलत नाही. यातला कुठला चालणार हे कंपाइलर व्हेरिएबलच्या घोषित प्रकारावरून ठरवतो, आत प्रत्यक्ष काय आहे ते बघत नाही. म्हणजे उतरत्या क्रमाचा ट्रीसेट तुम्ही कलेक्शन किंवा सेट प्रकारच्या पॅरामीटरमधून एखाद्या मेथडला दिलात आणि तिथे त्याची ट्रीसेटमध्ये प्रत काढलीत, तर नवी प्रत गुपचूप नैसर्गिक क्रमाने, म्हणजे घटकाच्या क्लासच्या स्वतःच्या कम्पेअरटूने, लागते. ना एरर, ना वॉर्निंग. प्रत काढताना कम्पेरेटर हातानेच द्या: आधी कम्पेरेटरने रिकामा सेट बनवा, मग ॲडऑल करा.

स्ट्रीममधून गोळा करतानाही असंच सावध राहायला हवं. कलेक्टर्स.टूसेट क्रमाची कसलीही हमी देत नाही. टूकलेक्शन वापरून त्याला ट्रीसेट बनवणारा सप्लायर द्यावा लागतो. त्याआधी डिस्टिंक्ट लावलंत तर ते इक्वल्सने गाळतं आणि पुढे ट्रीसेट तुलनेने गाळतो. दोन गाळण्या, दोन वेगळे निकष.

घटकाच्या क्लासने कम्पेरेबल इम्प्लिमेंट केलेलं नसेल आणि कम्पेरेटरही दिलेला नसेल, तर पहिल्याच ॲडला क्लासकास्टएक्सेप्शन येतं. जावा ६ पर्यंत पहिला घटक विनातक्रार आत जायचा आणि दुसऱ्याला बोंब व्हायची. जावा ७ पासून पहिल्या घटकाचीही स्वतःशीच तुलना करून बघितली जाते. नलचंही तसंच. नैसर्गिक क्रमात नल टाकलात की नलपॉइंटरएक्सेप्शन येतं. नल खरंच ठेवायचा असेल तर कम्पेरेटरला नल्सफर्स्ट किंवा नल्सलास्टचं वेष्टन द्या. पण शक्यतो नल आत येऊच देऊ नका. पोलफर्स्ट आणि सीलिंगसारख्या मेथड 'काही सापडलं नाही' हे सांगायलाही नलच परत देतात, मग दोन्हींत फरक कसा करणार?

शून्य म्हणजे एकच

परीक्षेची गुणवत्ता यादी घ्या. विद्यार्थी क्लासमध्ये आसन क्रमांक, नाव आणि गुण. जास्त गुण आधी हवेत म्हणून कम्पेरेटर फक्त गुणांवर लिहिला, उतरता. आता १०१ क्रमांकाला ८८ आणि १०४ क्रमांकालाही ८८ गुण आहेत. १०१ आधी आत गेला. १०४ टाकताना तुलना शून्य आली, ॲडने फॉल्स परत दिलं आणि १०४ बाहेर राहिला. ॲडचं उत्तर सहसा कोणी वाचत नाही, म्हणून हे कळतच नाही. यादी क्रमाने सुंदर छापली जाते, फक्त एक मूल त्यात नसतं.

यात ट्रीसेटची काहीच चूक नाही. 'गुण समान म्हणजे विद्यार्थी तोच' असं आपणच त्याला सांगितलेलं असतं. उपाय असा की कम्पेरेटरच्या शेवटी नेहमी असं फील्ड लावा जे वस्तूची ओळख पटवतं. इथे आसन क्रमांक. आधी गुण उतरते, गुण समान असतील तर आसन क्रमांक चढता. नाव हे शेवटचं फील्ड म्हणून चालणार नाही, कारण एकाच नावाचे दोन विद्यार्थी असतातच.

एकदा आत गेलेल्या घटकाच्या जागी, तुलनेत समान असलेला नवा घटक ॲड केला तर जुनाच राहतो, नवा टाकून दिला जातो. ताज्या माहितीने जुनी नोंद बदलायची असेल तर आधी रिमूव्ह, मग ॲड. किंवा सरळ मॅप वापरा. पण ट्रीमॅपच्या पुटमध्येही व्हॅल्यू बदलते, की जुनीच राहते.

जावाच्या स्वतःच्या क्लासमध्येही हा फरक दिसतो. बिगडेसिमलचे ४.० आणि ४.०० इक्वल्सने वेगळे आहेत, कारण दशांश स्थळं वेगळी. कम्पेअरटूने ते समान आहेत. त्यामुळे हॅशसेटमध्ये दोन घटक राहतात, ट्रीसेटमध्ये एकच. पैशांच्या हिशेबात बिगडेसिमल सगळीकडे असतो, तेव्हा एका ठिकाणी हॅशसेट आणि दुसऱ्या ठिकाणी ट्रीसेट लावला की मोजणी जुळत नाही. आत टाकण्याआधी सेटस्केलने सगळ्यांची दशांश स्थळं सारखी करून घ्या, म्हणजे दोन्हीकडे तेच उत्तर येईल.

कम्पेरेटर लिहिताना

जावा ८ पासून कम्पेरेटर हाताने लिहायची गरज जवळजवळ उरलेली नाही. कम्पेअरिंगइंट, कम्पेअरिंग आणि देनकम्पेअरिंग यांची साखळी करा. त्यात रिव्हर्स्ड कुठे लावता हे महत्त्वाचं. रिव्हर्स्ड त्याच्या आधीची पूर्ण साखळी उलटी करतो. गुणांच्या लगेच मागे लावला तर फक्त गुण उलटतात. अगदी शेवटी लावला तर आसन क्रमांकही उतरता होतो. शिवाय कम्पेअरिंगमध्ये लॅम्डा लिहून लगेच रिव्हर्स्ड लावलं तर कंपाइलरला प्रकार ओळखता येत नाही आणि तो अडतो. मेथड रेफरन्स द्या, किंवा लॅम्डाच्या पॅरामीटरचा प्रकार लिहा.

वजाबाकीने तुलना करू नका. 'पहिल्यातून दुसरा वजा' हे दिसायला छान आहे, पण इंट ३२ बिटचाच असतो. २०० कोटीतून उणे २०० कोटी वजा केले तर उत्तर ४०० कोटी यायला हवं. ते इंटमध्ये मावत नाही आणि उणे २९,४९,६७,२९६ येतं. मोठा आकडा लहान ठरला, घटक झाडाच्या चुकीच्या फांदीवर गेला. इंटिजर.कम्पेअर वापरा, लाँगसाठी लाँग.कम्पेअर. डबलसाठी लहान-मोठ्याची चिन्हं लावून स्वतः तुलना करू नका, कारण 'नॅन' ('आकडा नाही' असं सांगणारी डबलची किंमत) कोणाहूनच लहान किंवा मोठा नसतो, मग उरलेल्या एल्समध्ये शून्य येतं आणि तो कोणाच्याही बरोबरीचा ठरतो. डबल.कम्पेअर नॅनला सगळ्यांच्या शेवटी ठेवतो. मात्र तो ०.० आणि उणे ०.० यांना वेगळं मानतो, हे लक्षात असू द्या.

'०.०१ पेक्षा कमी फरक असेल तर समान' अशी सवलत कम्पेरेटरमध्ये ठेवायचा मोह फार होतो. ठेवू नका. १.०००, १.००८ आणि १.०१६ घ्या: पहिला-दुसरा समान, दुसरा-तिसरा समान, पण पहिला-तिसरा वेगळे. अशा तुलनेवर झाड उभं राहू शकत नाही. कोणता घटक राहील हे टाकण्याच्या क्रमावर ठरायला लागतं. लिस्ट सॉर्ट करताना असा कम्पेरेटर निदान कधीमधी पकडला जातो: जावा ७ पासून सॉर्टला करार मोडल्याचं जाणवलं तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं. ट्रीसेट अशी कसलीच तपासणी करत नाही, चुकीचं उत्तर देऊन मोकळा होतो. सवलत हवीच असेल तर आत टाकण्याआधी आकडे राउंड करा आणि तुलना काटेकोर ठेवा.

आसन क्रमांक, बिल क्रमांक यांसारखे आकडे स्ट्रिंग म्हणून ठेवले असतील तर '१०' हा '९' च्या आधी येतो, कारण तुलना अक्षरागणिक होते. ते आकड्यात बदला, किंवा डावीकडे शून्यं भरून सगळ्यांची लांबी सारखी करा.

जवळचा घटक शोधणं

ट्रीसेटची खरी मजा इथे आहे. एका गावाहून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा लोकलटाइम म्हणून ठेवल्या आहेत असं धरू: ०६:१५, ०८:४०, १०:२०, १३:०५, १७:३०, २१:४५. घड्याळात १०:२० वाजलेत.

सीलिंग म्हणजे 'इतका किंवा याहून मोठा, त्यातला सर्वात जवळचा'. उत्तर १०:२०. हायर म्हणजे 'नक्की मोठा'. उत्तर १३:०५. फ्लोअर म्हणजे 'इतका किंवा लहान'. पुन्हा १०:२०. लोअर म्हणजे 'नक्की लहान', म्हणून ०८:४०. 'आत्ता पोचलो तर कुठली गाडी मिळेल' याला सीलिंग, 'ही चुकली तर पुढची कुठली' याला हायर.

रात्री १०:१० ला, म्हणजे २२:१० ला विचारलं तर सीलिंग नल देतो. लोकलटाइमला दुसरा दिवस ठाऊक नाही. नल आला तर फर्स्ट घ्या आणि 'उद्या ०६:१५' असं दाखवा. सेट रिकामा असेल तर मात्र फर्स्ट आणि लास्ट नोसचएलिमेंटएक्सेप्शन देतात. पोलफर्स्ट आणि पोललास्ट रिकाम्या सेटवरही शांतपणे नल देतात, आणि सापडला तर घटक काढूनही टाकतात. नुसता डोकवायला पोल वापरू नका.

आता खरी अडचण. १०:२० ला दोन गाड्या सुटतात, एक पुण्याला, एक कोल्हापूरला. नुसत्या वेळांच्या सेटमध्ये एकच राहणार. म्हणून गाडी नावाचा रेकॉर्ड केला: वेळ आणि मार्ग क्रमांक. तुलना आधी वेळेवर, मग मार्ग क्रमांकावर. पण आता सीलिंगला द्यायला नुसती वेळ चालत नाही, गाडीच द्यावी लागते. त्यासाठी शोधापुरती एक खोटी गाडी बनवा: वेळ १०:२०, मार्ग क्रमांक रिकामी स्ट्रिंग. रिकामी स्ट्रिंग सगळ्या स्ट्रिंगच्या आधी येते, म्हणून सीलिंग १०:२० ची पहिली गाडी बरोबर देतो.

इथेच हायर फसवतो. खोटी गाडी खऱ्या १०:२० च्या गाड्यांहून लहान आहे, त्यामुळे हायरही १०:२० चीच गाडी देईल, १३:०५ ची नाही. १०:२० नंतरची हवी असेल तर १०:२१ ची खोटी गाडी घेऊन सीलिंग विचारा. वेळा मिनिटांच्या मापात आहेत तोवर हे ठीक चालतं. हा खटाटोप नको असेल तर ट्रीमॅप घ्या: की म्हणून वेळ, व्हॅल्यू म्हणून त्या वेळेच्या गाड्यांची लिस्ट. एका वेळेला अनेक नोंदी असणं हे नेहमीचंच असेल, तर हाच मार्ग जास्त स्वच्छ.

तुकडे, आणि त्यांचं मूळ सेटशी नातं

हेडसेट, टेलसेट आणि सबसेट या तीन मेथड सेटचा एक भाग देतात. नुसती टोकं दिली तर खालचं टोक धरलं जातं, वरचं सोडलं जातं. हे मुद्दाम तसं आहे आणि तारखांना फार सोयीचं पडतं. एप्रिल महिन्याच्या नोंदी हव्या असतील तर सबसेटला १ एप्रिल आणि १ मे द्या. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, विचारच करायला नको. गुणांसारख्या ठिकाणी '६० ते ७५, दोन्ही धरून' हवं असतं. तिथे चार पॅरामीटरची आवृत्ती घेऊन दोन्ही बूलियन ट्रू ठेवा. खालचं टोक वरच्याहून मोठं दिलंत तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं. उतरत्या क्रमाच्या सेटमध्ये 'खालचं टोक' म्हणजे मोठा आकडा, हे विसरलं की हीच एरर येते: तिथे ७५ आधी, ६० नंतर.

मिळालेला तुकडा ही प्रत नसते. ती मूळ सेटकडे बघणारी खिडकी. मूळ सेटमध्ये काही टाकलं की ते तुकड्यात दिसतं, तुकड्यातून काढलं की मूळातूनही जातं. याचा मोठा फायदा म्हणजे 'एका तारखेआधीचं सगळं पुसा' हे एका ओळीत होतं: हेडसेट घ्या, त्यावर क्लिअर चालवा. तोटा असा की तुकडा कुठे जपून ठेवलात तर मूळ अख्खा सेट मेमरीत अडकून राहतो. तुकड्याच्या हद्दीबाहेरचा घटक तुकड्यात ॲड केला तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन. स्वतंत्र प्रत हवी असेल तर तुकड्यापासून नवा ट्रीसेट बनवा, किंवा लिस्ट.कॉपीऑफ करा. लिस्ट.कॉपीऑफमध्ये क्रम टिकतो. सेट.कॉपीऑफमध्ये टिकत नाही.

तुकड्यावर साइझ विचारणं स्वस्त नाही. मूळ सेट आपली संख्या जपून ठेवतो, तुकडा प्रत्येक वेळी एकेक घटक मोजत जातो. म्हणून 'या विद्यार्थ्याचा क्रमांक किती' हे हेडसेटच्या साइझने काढायचं ठरवलं तर ते एखाद्यासाठी चालेल. १ लाख विद्यार्थ्यांसाठी लूपमध्ये केलं तर सरासरी ५० हजार पावलं गुणिले १ लाख, म्हणजे ५०० कोटी पावलं. सर्वांचे क्रमांक हवे असतील तर सेटवरून एकदाच फिरा आणि काउंटर वाढवत जा. ट्रीसेटला इंडेक्स नाही, 'पाचवा घटक द्या' असं विचारता येत नाही. तशी गरज वारंवार असेल तर सॉर्ट केलेली ॲरेलिस्ट आणि बायनरीसर्च घ्या.

उलटा फिरायला डिसेंडिंगसेट किंवा डिसेंडिंगइटरेटर. डिसेंडिंगसेट हीसुद्धा खिडकीच आहे, काही कॉपी होत नाही. जावा २१ मध्ये गेटफर्स्ट, गेटलास्ट, रिमूव्हफर्स्ट, रिव्हर्स्ड ही नावंही आली आहेत. त्यातलं ॲडफर्स्ट आणि ॲडलास्ट मात्र ट्रीसेटवर अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन देतं, कारण जागा तुम्ही ठरवत नाही, तुलना ठरवते.

फॉर लूपमध्ये फिरताना सेटमधून काही काढलं तर पुढच्या पावलाला कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येतं. रिमूव्हइफ वापरा.

आत गेलेल्या घटकाला हात लावू नका

सर्वात वाईट बिघाड हा. तीन विद्यार्थी टाकले: १०२ ला ८५ गुण, १०१ ला ८८, १०३ ला ७९. क्रम गुणांचा, उतरता. झाडाच्या मुळाशी ८५, डाव्या फांदीवर ८८, उजव्या फांदीवर ७९. मग पुनर्तपासणीत १०३ चे गुण वाढून ९१ झाले आणि कोणीतरी सेटगुण मेथडने त्याच ऑब्जेक्टमध्ये ते बदलले.

झाडाला याचा पत्ता नाही. १०३ अजून उजव्या फांदीवरच आहे. आता कंटेन्सने १०३ आहे का विचारा. ९१ ची तुलना मुळातल्या ८५ शी झाली. ९१ जास्त, म्हणजे आधी, म्हणून शोध डावीकडे गेला. तिथे ८८. ९१ त्याच्याही आधी, पुन्हा डावीकडे. तिथे काहीच नाही. उत्तर: फॉल्स. रिमूव्हचंही तेच, काढता येत नाही. पुन्हा ॲड करा, ॲड ट्रू देतं आणि तोच ऑब्जेक्ट सेटमध्ये दोनदा येतो. छापून बघा: ९१, ८८, ८५, ९१. 'सेटमध्ये डुप्लिकेट आला' अशी तक्रार आली तर आधी इथे बघा.

बदलण्याचा योग्य क्रम: जुन्या गुणांसकट घटक रिमूव्ह करा, मग गुण बदला, मग ॲड करा. रिमूव्हने ट्रू दिलं का तेही तपासा. त्याहून चांगलं म्हणजे बदलताच न येणारा घटक ठेवा. जावा १६ पासून रेकॉर्ड पक्के झाले आहेत. विद्यार्थी रेकॉर्ड असेल तर गुण बदलायला नवा ऑब्जेक्ट करावाच लागतो आणि ही चूक करायला जागाच उरत नाही. क्रमात न येणारी फील्ड, उदाहरणार्थ फोन नंबर, बदलली तर ट्रीसेटला फरक पडत नाही.

रिमूव्हऑल आणि इक्वल्सचा विचित्रपणा

समजा सेटला स्ट्रिंगचा केसइनसेन्सिटिव्हऑर्डर कम्पेरेटर दिला आहे. म्हणजे इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं त्याला एकच. आता रिमूव्हऑलला एक लिस्ट दिली. सेट लिस्टपेक्षा मोठा असेल तर लिस्टमधला एकेक घटक घेऊन सेटवर रिमूव्ह चालवलं जातं, म्हणजे तुलना तुमच्या कम्पेरेटरने होते. सेट लिस्टइतका किंवा लहान असेल तर उलट होतं: सेटमधला एकेक घटक घेऊन लिस्टला कंटेन्स विचारलं जातं, आणि लिस्ट इक्वल्सने तुलना करते. तोच कोड, तीच नावं, आणि नुसत्या संख्येवरून उत्तर वेगळं. शिवाय दुसऱ्या वाटेने लिस्ट प्रत्येक वेळी पहिल्यापासून शोधत बसते, म्हणून तिथे वेगही मार खातो. लिस्टवर फॉरईच लावून स्वतः एकेक रिमूव्ह करा, दोन्ही त्रास संपतात.

अशा सेटची हॅशसेटशी इक्वल्सने तुलना केली तर 'अ बरोबर ब' ट्रू आणि 'ब बरोबर अ' फॉल्स असंही होऊ शकतं. टेस्टमध्ये दोन सेट ताडून बघताना दोन्हींना एकाच जातीच्या सेटमध्ये आणून मगच बघा.

मराठी शब्दांचा क्रम

स्ट्रिंगचा नैसर्गिक क्रम हा युनिकोड आकड्यांचा क्रम आहे, वर्णमालेचा नाही. देवनागरीत बरंचसं जुळतं, पण ळ जुळत नाही. वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे ट्रीसेट फलक, फळ, फवारा, फसवणूक असा क्रम लावतो. मराठी वाचकाला फलक, फवारा, फसवणूक, फळ असा हवा असतो. ॲ ची गत याहून वाईट. त्याचा युनिकोड आकडा ह च्याही बराच पुढे आहे, म्हणून 'ॲसिडिटी' हा शब्द 'हळद' च्या नंतर जाऊन बसतो. ०-९ हे देवनागरी आकडेही अक्षरांच्या नंतर येतात, इंग्रजी आकडे (0-9) मात्र सगळ्यांच्या आधी.

दुसरा त्रास दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या शब्दांचा. ॲ हे एकच चिन्ह म्हणून टाइप होतं, किंवा अ वर चंद्र देऊनही होतं. स्क्रीनवर फरक कळत नाही, सेटमध्ये दोन घटक राहतात. कीबोर्डप्रमाणे मध्ये अदृश्य जोडचिन्हही घुसतं. नॉर्मलायझरचं एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं, जोडून घेतलेलं) रूप ऱ सारख्या अक्षरांचं भांडण मिटवतं, पण ॲ चं मिटवत नाही. ते स्वतः रिप्लेस करून एका रूपात आणावं लागतं. हे सगळं सेटमध्ये टाकण्याआधी, एकाच मेथडमध्ये करा.

क्रमासाठी कोलेटर, म्हणजे भाषेच्या नियमांनी शब्दांची तुलना करणारा कम्पेरेटर, हवा. जावातला स्वतःचा कोलेटर वापरण्याआधी त्याच्या गेटअव्हेलेबललोकेल्सच्या यादीत मराठी आहे का बघा. नसेल तर तो न बोलता सर्वसाधारण नियम लावतो. आयसीयू फोर जे ही लायब्ररी घेऊन तिचा मराठी लोकेलचा कोलेटर लावणं जास्त भरवशाचं. लावल्यावर वरचे फ चे चार शब्द टाकून क्रम तपासा. आणि पुन्हा तोच पहिला नियम: कोलेटर दोन वेगळ्या स्ट्रिंगना शून्य देऊ शकतो, विशेषतः त्याची स्ट्रेंग्थ (किती बारीक फरक धरायचा ते) प्रायमरी, म्हणजे सर्वात ढोबळ, ठेवली असेल तर. म्हणून कोलेटरच्या मागे स्ट्रिंगची साधी तुलना जोडा, म्हणजे कोणताही शब्द गळणार नाही.

अनेक थ्रेड

ट्रीसेट एकाच वेळी दोन थ्रेडनी बदलायला बनलेला नाही. घटक हरवतात, आणि नोडचे दुवे विस्कटून शोध अनंत लूपमध्येही जाऊ शकतो. अनेक थ्रेड असतील तर कॉन्करंटस्किपलिस्टसेट घ्या. इंटरफेस तोच नॅव्हिगेबलसेट, त्यामुळे बाकीचा कोड बदलत नाही. फक्त त्यात नल अजिबात चालत नाही, आणि साइझ झटकन मिळेलच असं धरून चालू नका.

कम्पेरेटरची टेस्ट

सेटची टेस्ट लिहिण्याआधी कम्पेरेटरची लिहा. २० नमुना घटक घ्या आणि त्यांत मुद्दाम कडेचे घाला: समान गुण पण वेगळे आसन क्रमांक, अगदी सारखे दोन ऑब्जेक्ट, सर्वात लहान आणि सर्वात मोठा इंट, रिकामी स्ट्रिंग. प्रत्येक जोडी उलटसुलट तपासा: अ-ब चं चिन्ह ब-अ च्या बरोबर उलट आलं पाहिजे. मग प्रत्येक त्रिकूट: अ लहान ब, ब लहान क, तर अ लहान क. २० घटकांची त्रिकूटं ८,००० होतात, ती क्षणात संपतात. शेवटी तुलना शून्य आलेल्या प्रत्येक जोडीला इक्वल्स विचारा. फॉल्स आलं तर ती जोडी नावानिशी छापा, कारण त्यातला एक घटक प्रॉडक्शनमध्ये गळणार आहे.